भिंतीला पोट असलं तरी दरवाजाची पट्टी सरळ कशी बसवायची

दरवाजाच्या चौकटीभोवती जी पट्टी मारतात, दुकानात जिला मोल्डिंग म्हणतात आणि आर्किटेक्टच्या नकाशात आर्किट्रेव्ह, तिचं काम ऐकायला सोपं आहे. दोन उभ्या पट्ट्या, एक आडवी, वर दोन कोपरे आणि मूठभर पिना. पण पट्टी चौकटीला टेकवली की एका ठिकाणी भिंतीला चिकटते, दुसरीकडे बोट जाईल एवढी फट पडते आणि वरचा कोपरा उघडा पडतो. मग घरमालक म्हणतात, "मिस्त्री, लांबी भरून घ्या की तिथं." लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरली जाते, रंग होतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच फट पुन्हा वर येते.

एक गोष्ट मनात पक्की धरली तर पुढचं सगळं सुटत जातं. दारात उभ्या राहिलेल्या माणसाची नजर पट्टीच्या आतल्या कडेवर आणि वरच्या दोन कोपऱ्यांवर जाते. ती रेघ दोरीत आणि कोपरे मिटलेले असले की काम देखणं दिसतं. भिंतीची सगळी वाकडीतिकडी खोड पट्टीच्या बाहेरच्या कडेनं आणि पाठीनं सोसायची असते. लोक नेमकं उलटं करतात. पट्टी भिंतीला चिकटावी म्हणून ती दाबतात, पिळतात, वाकवतात, आणि भिंतीचा दोष आतल्या कडेवर आणून ठेवतात.

भिंत अशी का असते

आपल्याकडे बहुतेक वेळा चौकट आधी उभी राहते. होल्डफास्टनं, म्हणजे लोखंडी पकडीनं, ती बांधकामात पकडतात आणि गिलावा नंतर होतो. गवंडी मोकळ्या भिंतीवर लांब ॲल्युमिनियमची पट्टी ओढतो तेव्हा भिंत बरी येते, पण चौकटीपाशी ती पट्टी अडते आणि शेवटचे चार-सहा इंच हातानं, थापीनं मिटवले जातात. त्यात विटेच्या भिंतीची एक बाजू ओळीत असते आणि दुसरी मागेपुढे. ओळीतल्या बाजूला १२ मिलिमीटर गिलावा पुरतो, दुसऱ्या बाजूला १५ ते २० लागतो. जाडी बदलली की चौकटीच्या तोंडाशी गिलावा कुठं पुढे येतो, कुठं मागे राहतो. वर पुट्टीचे दोन-तीन हात बसले की सगळं गुळगुळीत दिसतं, पण सरळ झालेलं नसतं.

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांची गोष्ट वेगळी आहे. तिथं दगड-विटा-मातीच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, आणि त्यावर दर दिवाळीला चढलेले चुन्याचे आणि डिस्टेंपरचे थर. तिथल्या भिंतीकडून सरळपणाची अपेक्षा धरूच नये. अशा घरात कामाची पद्धतही बदलते, ते पुढे सांगतो.

चौकट आणि गिलावा यांच्यामधली भेग ही काही गवंड्याची चूक नसते. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसतं. गिलावा त्याच्याबरोबर हलत नाही. म्हणून त्या सांध्यात भेग पडणारच, आणि ती झाकायलाच ही पट्टी असते. हे लक्षात घेतलं की त्या सांध्यात सिमेंटची पुट्टी ठासून भरणं का टिकत नाही हेही कळतं.

आधी भिंत मोजायची

लाकूड आणण्याआधी हे करा. फूटभर लांबीची, कड खरोखर सरळ असलेली एक पट्टी घ्या. पोलादी पट्टी उत्तम, नसेल तर रंधा मारलेला सागवानाचा तुकडाही चालतो. ती चौकटीच्या तोंडावर सपाट टेकवा आणि भिंतीवर आडवी जाऊ द्या. भिंत मागे असेल तर पट्टीखाली फट दिसेल. भिंत पुढे असेल तर पट्टी भिंतीवर टेकेल आणि फट चौकटीपाशी दिसेल. जे दिसेल ते तिथंच भिंतीवर पेन्सिलीनं लिहा. पुढे असेल तर अधिक, मागे असेल तर उणे. उभ्या बाजूला पाच ठिकाणी मोजा: वरचा कोपरा, खांद्याची उंची, कडीची उंची, गुडघा, आणि तळ. आडव्या बाजूला तीन ठिकाणी पुरे. आकडे पट्टीच्या रुंदीत येतील असे लिहा, म्हणजे शेवटी झाकले जातात.

मिस्त्री सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. इथं मात्र मिलिमीटर वापरा, कारण अर्ध्या सुतानंसुद्धा कोपरा उघडतो.

समजा, डाव्या बाजूचे आकडे वरून खाली ०, −१, −३, −२, ० आले आणि उजव्या बाजूचे +२, +३, +६, +५, +३. डावीकडची भिंत मधे खोलगट आहे, उजवीकडचीला पोट आहे. या दोन बाजूंना दोन वेगळे उपाय लागणार, आणि ते पट्टी कापायच्या आधी ठरले पाहिजेत. हाच दरवाजा धरून पुढे जाऊ.

याच वेळी चौकटीला ओळंबा लावून बघा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक असेल तर कोपरे ९० अंशांचे नाहीत, आणि डोळे झाकून ४५ चा काप मारून चालणार नाही. आणखी एक बघायचं: दाराशेजारचा स्विचबोर्ड. त्याच्या वायरचा पाइप सहसा बोर्डापासून सरळ वर किंवा खाली गेलेला असतो. बोर्ड पट्टीला खेटून असेल तर त्या उभ्या रेषेत ड्रिल मारू नका, आणि त्या भागात ग्राइंडर चालवण्याआधी मेन स्विच बंद करा.

माल

साधी सपाट पट्टी, अडीच इंच रुंद आणि १२ ते १८ मिलिमीटर जाड, हाताळायला सर्वांत सोपी. नक्षीदार पट्टी कोपऱ्यात चूक लपू देत नाही, कारण नक्षीची प्रत्येक रेघ समोरच्या रेघेला भिडावी लागते. भिंत वाकडी असताना पहिल्यांदा काम करणाऱ्यानं सपाट पट्टीच घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

जाडी ठरवताना फरशीच्या स्कर्टिंगकडे, म्हणजे भिंतीच्या तळाला लावलेल्या पट्टीकडे, बघा. टाइलची स्कर्टिंग भिंतीपुढे ८ ते १२ मिलिमीटर येते. पट्टी तिच्यापेक्षा पातळ असेल तर तळाशी स्कर्टिंगची कापलेली कड पट्टीपुढे डोकावते आणि फार वाईट दिसते. पट्टी स्कर्टिंगपेक्षा निदान २-३ मिलिमीटर जाड हवी. तेवढी जाड पट्टी नको असेल तर तळाला स्कर्टिंगच्या उंचीचा एक जाड ठोकळा बसवा आणि पट्टी त्याच्यावर उभी करा. जुन्या घरांना तर हा ठोकळा शोभतोही.

लाकूड सागवान असेल तर उत्तम. रंग द्यायचा असेल तर पाइनही चालतं, पण गाठी बघून घ्या. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला तक्ता) सरळ असतं, स्वस्त असतं, पण तळाला फरशी पुसायचं पाणी लागलं की फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही. बाथरूमच्या दाराला डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेली पट्टी, घ्या, दुसरा विचार करू नका. टिंबर मार्केटमध्ये पट्टी घेताना ती डोळ्यासमोर धरून तिची कड बघा. रुंदीकडून वाकलेली पट्टी नाकारा. जाडीकडून जराशी वाकलेली असेल तर ठोकताना सरळ होते.

लांबीचा हिशेब असा. चौकटीत दार बसायची जी खाच असते तिच्या कडेपासून मोजा. उंची २१०० मिलिमीटर, रुंदी ९००, पट्टी ६३ मिलिमीटर रुंद, आणि चौकटीची १५ मिलिमीटर कड उघडी ठेवायची असं धरू. उभी पट्टी बाहेरच्या कडेला २१०० + १५ + ६३, म्हणजे २१७८. त्यातून तळाचे ४ मिलिमीटर वजा करा, २१७४ राहतात. आडवी पट्टी बाहेरच्या टोकापासून टोकापर्यंत ९०० + १५६, म्हणजे १०५६. उभ्यासाठी साडेसात फुटी दोन आणि आडव्यासाठी चार फुटी एक तुकडा घ्या. उरलेले तुकडे टाकू नका, चाचणीचे काप त्यांच्यावरच मारायचे आहेत.

कधी करायचं

नव्या गिलाव्यावर घाई करू नका. गिलाव्याला आठवडाभर पाणी मारून झाल्यावर तो वाळायला कित्येक आठवडे घेतो. गगनबावड्याकडून पाऊस उतरायला लागला की कोल्हापुरात गिलावा वाळता वाळत नाही. ओल आहे का हे बघायला हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपनं भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतून थेंब धरले किंवा भिंत गडद दिसली तर थांबा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाला सर्वांत चांगले.

लाकूड आणल्यावर आठवडाभर त्याच खोलीत आडवं, खाली काठ्या देऊन ठेवा. बसवण्याआधी पट्टीच्या पाठीला प्राइमरचा किंवा पॉलिशचा एक हात मारा. हे कुणी करत नाही, कारण पाठ दिसत नाही. पण पुढून रंगवलेली आणि मागून कोरी राहिलेली पट्टी भिंतीकडून दमटपणा ओढते आणि पन्हाळीसारखी वळते. चार दिवसांनी बाहेरची कड का सुटली याचं उत्तर पुष्कळदा त्या कोऱ्या पाठीत असतं.

फरशी झाली, गिलावा वाळला, पुट्टी आणि भिंतीचा पहिला हात झाला, मग पट्टी, आणि पट्टीनंतर रंगाचा शेवटचा हात. हा क्रम मोडू नका.

आतली रेघ आखणं

चौकटीच्या तोंडावर, खाचेच्या कडेपासून १५ मिलिमीटरवर रेघ मारायची. फूटपट्टीनं पाच ठिकाणी ठिपके देऊन जोडत बसण्यापेक्षा लाकडाच्या एका तुकड्याला १५ मिलिमीटरची पायरी कापा, ती पायरी कडेला टेकवा आणि पेन्सिल धरून वरपासून खालपर्यंत ओढत न्या. दोन्ही उभ्या आणि आडवी बाजू एकाच तुकड्यानं आखा, म्हणजे अंतर सगळीकडे सारखं येतं.

बिजागरीच्या बाजूला दार पूर्ण उघडून बघा. बिजागरीची पिन आणि पट्टीची कड यांत निदान पाव इंच मोकळं हवं. कमी पडत असेल तर तीनही बाजूंची रेघ सारखीच मागे घ्या. एकाच बाजूची हलवली तर वरच्या कोपऱ्यात ते लगेच कळतं.

चौकट स्वतःच वाकलेली असेल, दोरी धरल्यावर मधे ३-४ मिलिमीटर पोट दिसत असेल, तर रेघ चौकटीच्या कडेला समांतर न काढता दोरीनं सरळ काढा. उघडी राहिलेली कड कुठं १५ दिसेल, कुठं १२. ते नजरेला खपतं. वाकडी पट्टी खपत नाही.

भिंत पुढे आली असेल तर

म्हणजे आपल्या दरवाजाची उजवी बाजू. अडीच इंची पट्टीचा साधारण निम्मा भाग चौकटीवर आणि निम्मा भिंतीवर येतो. भिंत ६ मिलिमीटर पुढे असेल तर पट्टी चौकटीपासून तिरकी उभी राहते आणि तिची आतली कड दारासमोर कलते.

३ मिलिमीटरपर्यंत पट्टीची पाठ उतरवायची. पट्टी उलटी करा, जेवढा भाग भिंतीवर येतो तेवढ्यावर रेघ मारा, आणि खाचरंध्यानं किंवा राउटरनं तेवढी पाठ खोल करा. पट्टी १८ मिलिमीटर जाड असेल तर हे बिनधास्त करता येतं. १२ मिलिमीटरच्या पट्टीत ३ मिलिमीटरहून खोल जाऊ नका, कड कमकुवत होते.

३ ते १० मिलिमीटरपर्यंत गिलावा काढायचा. लोक याला घाबरतात, पण नीट केलं तर सर्वांत स्वच्छ काम यातच होतं. पट्टी रेघेवर धरा आणि तिच्या बाहेरच्या कडेनं भिंतीवर पेन्सिल ओढा. मग पट्टी बाजूला ठेवा आणि त्या रेघेवरच धारदार कटरनं पुट्टी आणि वरचा थर खोल कापून घ्या. दोन-तीनदा फिरवा. हा काप आधी मारला नाही तर छिन्नी लागल्यावर पुट्टीचे पापुद्रे रेघेच्या बाहेर निघतात आणि मग ते बुजवण्याचं वेगळं काम होऊन बसतं. त्यानंतर सरळ लाकडी पट्टी तात्पुरती मारून तिच्या आधारानं ग्राइंडर चालवा, खोली हवी तेवढीच ठेवा, आणि रेघ व चौकट यांच्यातला गिलावा रुंद छिन्नीनं हलक्या हातानं उडवा. छिन्नीचा उतार चौकटीकडे असावा. ग्राइंडरची धूळ फुप्फुसाला वाईट. भिंतीवर पाणी शिंपडा, मास्क आणि चष्मा लावा, घरातल्या माणसांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

झाल्यावर पट्टी टेकवून बघा. ती चौकटीवर सपाट बसली पाहिजे आणि हातानं दाबल्यावर डुगडुगता कामा नये. पट्टी भिंतीत थोडी शिरलेली दिसेल. १८ ची पट्टी ६ मिलिमीटर आत गेली तर बाहेर १२ उरते, आणि तळापासून वरपर्यंत ती जाडी जराशी कमी-जास्त होईल. त्याची काळजी करू नका, समोरून ते दिसत नाही. स्कर्टिंगशी जाडीचा हिशेब मात्र याच वेळी पुन्हा बघून घ्या.

१० मिलिमीटरच्या पुढे गिलावा खणत जाण्यात अर्थ नाही. तिथं चौकटीलाच जोडपट्टी लावा. जेवढा फरक तेवढ्या जाडीची, वरखाली फरक वेगळा असेल तर तशी निमुळती रंधलेली पट्टी चौकटीच्या तोंडावर फेव्हिकॉल आणि पिनांनी बसवा. तिची आतली कड उघडी दिसणार, म्हणून लाकूड चौकटीच्याच जातीचं घ्या.

भिंत मागे राहिली असेल तर

ही डावी बाजू. पट्टी चौकटीवर नीट सपाट बसते, कोपराही बरा येतो, पण बाहेरच्या कडेखाली फट दिसते. इथं सर्वांत मोठा मोह म्हणजे बाहेरच्या कडेला स्क्रू मारून पट्टी भिंतीकडे ओढणं. स्क्रू आवळला की पट्टी पिळते, आतली कड चौकटीवरून उचलते आणि वरचा कोपरा तोंड उघडतो. लाकूड कोरडं असेल तर रेषेतून चिरतंही.

२ मिलिमीटरपर्यंतची फट ॲक्रिलिक सीलंटनं भरायची. २ ते ४ मिलिमीटर असेल आणि भिंत रंगायची असेल तर भिंतच थोडी पुढे आणा. पट्टी बसवण्याआधी त्या खोलगट भागात पुट्टीचे दोन पातळ हात मारा आणि कडेला शून्यावर आणत फूटभर पसरवा. आपल्या डाव्या बाजूचे ३ मिलिमीटर असेच मिटतात. चौकटीपासून फूटभर लांब पसरलेला ३ मिलिमीटरचा उतार कुणाच्याही नजरेत येत नाही. पुट्टी चौकटीच्या लाकडावर चढू देऊ नका. कटरनं सांधा मोकळा करून ठेवा, नाहीतर पहिली भेग तिथूनच निघेल.

त्याहून मोठी फट असेल, किंवा भिंत जागोजागी पुढेमागे असेल, तर कडपट्टी लावा. पट्टीच्या बाहेरच्या कडेला खेटून बसणारी ही बारीक पट्टी भिंतीच्या आकाराप्रमाणे छाटलेली असते. हे काम हळू करायचं, म्हणून सविस्तर सांगतो.

मुख्य पट्टी आधी पक्की बसवून घ्या. कडपट्टी १० मिलिमीटर जाड घ्या. तिची खोली पट्टीची जाडी, सर्वांत मोठी फट आणि वर ४-५ मिलिमीटर, एवढी ठेवा. ती मुख्य पट्टीच्या कडेला लावून भिंतीकडे सरकवा. भिंतीच्या उंच जागांवर ती टेकेल, बाकी ठिकाणी फट राहील. आता वर आणि खाली मोजून बघा, कडपट्टीची पुढची कड मुख्य पट्टीच्या पुढे दोन्ही टोकांना सारखी आली पाहिजे. तशी आणून दोन पिना अर्ध्या ठोका. मग सर्वांत मोठी फट शोधा, कंपास तेवढा उघडा, त्याचं टोक भिंतीवर आणि पेन्सिल कडपट्टीच्या बाहेरच्या अंगावर ठेवून वरपासून खालपर्यंत एका दमात ओढा. कंपास भिंतीला काटकोनात राहिला पाहिजे. हात कलला की रेघ खोटी येते. कंपास नसेल तर वॉशर घ्या. वॉशरच्या भोकात पेन्सिलीचं टोक घालून तो भिंतीवर टेकवत फिरवला की भिंतीचा आकार जसाच्या तसा उतरतो. कारखान्यांच्या उद्यमनगरच्या आसपास हव्या त्या मापाचे वॉशर सहज मिळतात. फटीच्या मापाला जुळणारे दोन-तीन जवळ ठेवा. सागवान गडद असेल तर आधी मास्किंग टेप लावा, रेघ त्यावर ठळक उठते.

पिना काढून कडपट्टी शिकंज्यात धरा आणि रेघेपर्यंत छाटा. जास्तीचं लाकूड जिगसॉनं काढा आणि शेवटचा मिलिमीटर लहान रंध्यानं, खोलगट जागी कानशीनं घासा. धार आतल्या बाजूला कललेली ठेवा, म्हणजे फक्त बाहेरची दिसणारी कड भिंतीला भिडेल आणि आतला भाग पोकळ राहील. हा कल दिला नाही तर आतला एखादा उंच कण कडपट्टीला भिंतीपासून दूर ठेवतो आणि आपण उगाच बाहेरून घासत बसतो. टेकवा, उजेड कुठून येतो बघा, तेवढंच घासा, पुन्हा टेकवा. मागे टॉर्च धरली तर चटकन कळतं. नीट बसली की पाऊण इंची पिनांनी आणि फेव्हिकॉलनं मुख्य पट्टीच्या कडेला जोडा. भिंतीला काहीही ठोकायचं नाही.

चौकट खोलीच्या कोपऱ्याला खेटून असेल तर पट्टीची रुंदीच शेजारच्या भिंतीत अडते. तिथंही हीच पद्धत, फक्त रेघ पट्टीच्या तोंडावर मारायची आणि रुंदी छाटायची.

कोपरे

चाचणीचे तुकडे इथं कामाला येतात. दोन तुकडे घ्या. एक उभ्या रेघेवर आणि एक आडव्या रेघेवर, एकमेकांवर चढवून धरा. जिथं ते एकमेकांना ओलांडतात त्या आतल्या आणि बाहेरच्या बिंदूंवर चौकटीवर आणि भिंतीवर खुणा करा. दोन खुणा जोडणारी रेघ हाच खरा काप. कोपरा ९१ अंशांचा असेल तर काप साडेपंचेचाळीसचा येईल, आणि तो मोजायला कोनमापकही लागत नाही. सरकता गुण्या (हव्या त्या कोनात पकडता येणारा) त्या रेघेवर लावा आणि कोन कापायच्या पेटीत किंवा मशिनवर तोच कोन पकडा.

भिंत पुढे असल्यामुळे पट्टी थोडी कललेली राहिली असेल, तर साध्या कापाचा कोपरा पुढून उघडतो किंवा मागून अडतो. त्यावर उपाय सोपा आहे. कापताना पट्टी भिंतीवर जशी कलली आहे तशीच मशिनवर कलवा. भिंत पुढे असेल तर बाहेरच्या कडेखाली तेवढ्या जाडीची पाचर, भिंत मागे असेल तर आतल्या कडेखाली. मग ४५ चा काप आपोआप जुळतो. कापाच्या मागच्या बाजूला रंध्याचा एक हलका हात फिरवून केसभर लाकूड काढा, म्हणजे पुढची दिसणारी धार आधी भिडते.

एक पट्टी दुसरीपेक्षा अर्धा मिलिमीटर पुढे राहिली तर मागच्या पट्टीच्या पाठीला पुठ्ठ्याची पाचर द्या. पुढची घासून बरोबरीत आणण्याआधी हे करून बघा.

सपाट पट्टी असेल तर सरळ जोडही करता येतो. आडवी पट्टी दोन्ही उभ्यांच्या डोक्यावर ठेवायची, दोन्हीकडे अर्धा इंच बाहेर काढायची आणि उभ्यांपेक्षा ३ मिलिमीटर जाड घ्यायची. जुन्या घरात, चौकट गुण्यात नसताना, मी हाच जोड सुचवतो. मोसमाप्रमाणे लाकूड हललं तरी तो तोंड उघडत नाही. ४५ चा सांधा मात्र पट्टी रुंदीत आकसली की आतल्या टोकाशी सुटतो. मुख्य दाराला वर गणेशपट्टी असेल तर हा जोड तिच्याशी मेळही चांगला खातो.

बसवणं

आडवी पट्टी आधी, दोन पिनांवर, पिनांची डोकी बाहेर ठेवून. मग एक उभी कोपऱ्याला जुळवून, मग दुसरी. तिन्ही जुळल्या की पक्कं ठोका. उभी पट्टी फरशीला टेकवू नका. ४ मिलिमीटर उचला, तळाला पातळ पाचर ठेवून. रोजच्या पुसण्याचं पाणी लाकडाच्या टोकातून वर चढतं, आणि पॉलिश तळापासूनच काळं पडायला लागतं. तळाच्या टोकालाही पॉलिशचे दोन हात द्या.

दीड इंची पिना आतल्या कडेपासून अर्ध्या इंचावर, दर १२ ते १५ इंचांना, चौकटीतच ठोका. सागवानाला आधी पिनेपेक्षा बारीक भोक पाडा, विशेषतः टोकांजवळ. कोपऱ्यात फेव्हिकॉल लावून वरून एक पिन आडवी मारली की दोन्ही पट्ट्या एकत्र हलतात. बाहेरची कड गिलाव्यात पिनेनं धरत नाही, तिथं गिलावाच सुटतो. कड धरायचीच असेल तर पाठीला नेल-फ्री ॲडहेसिव्हचे, म्हणजे खिळ्याशिवाय धरणाऱ्या गोंदाचे, ठिपके द्या, पण त्याआधी भिंतीवरचं डिस्टेंपर खरवडा. ते डिस्टेंपरला चिकटतं आणि डिस्टेंपर भिंतीला सोडतं. सिमेंटच्या चांगल्या भिंतीत गिट्टी (स्क्रू धरायला भोकात घालतात ती) आणि स्क्रूही चालेल, पण पट्टी जागच्या जागी टेकलेली असेल तेव्हाच, ओढून आणण्यासाठी नाही.

पिनांची डोकी पंचानं आत घाला. भोकं त्याच लाकडाच्या भुश्यात फेव्हिकॉल कालवून बुजवा. रंग द्यायचा असेल तर लाकडाची लांबी.

राहिलेल्या फटीसाठी रंग घेणारं ॲक्रिलिक सीलंट घ्या. सिलिकॉन रंग धरत नाही, आणि एकदा लागलं की निघता निघत नाही. नळीचं तोंड फटीएवढंच कापा. पट्टीवर आणि भिंतीवर मास्किंग टेप लावा, सीलंट सलग ओढा, ओल्या बोटानं एकदाच पुसा, आणि ते ओलं असतानाच टेप काढा. वाळल्यावर काढली तर कड फाटते. पॉलिशच्या पट्टीला टेप लावणं चुकवू नका.

चुन्याची भिंत आणि पुराचं पाणी

जुन्या पेठांतल्या चुन्याच्या गिलाव्यात ग्राइंडर किंवा हॅमर ड्रिल चालवू नका. गिलावा आतून सुटलेला असतो आणि ताटाएवढा पापुद्रा एकदम खाली येतो. आधी बोटानं टकटक करून ऐका, पोकळ आवाज आला तर तिथं छिन्नीही नको. अशा भिंतीला जोडपट्टी किंवा कडपट्टी हाच मार्ग, आणि सगळा भार चौकटीवर. बुजवायचं असेल तर चुन्याच्या भिंतीला चुनाच वापरा. सिमेंट तिथं कडक होतं आणि शेजारचा गिलावा सोबत घेऊन सुटतं. चौकट जुनी असेल तर पट्टीनं झाकण्याआधी स्क्रूड्रायव्हर टोचून वाळवी बघा. झाकल्यावर ती कुणाला दिसत नाही.

सुतारवाडा, दुधाळी किंवा शाहूपुरीच्या सखल भागात घर असेल तर माल निवडताना पंचगंगेचा विचार करावाच लागतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची, हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी एमडीएफच्या दारापट्ट्यांचं काय होतं ते दाखवून दिलंय. अशा घरात तळमजल्याला अस्सल लाकूड किंवा डब्ल्यूपीसी वापरा आणि पट्ट्या पिनांऐवजी पितळी किंवा स्टेनलेस स्क्रूनी चौकटीला बसवा, ॲडहेसिव्ह अजिबात नको. पाणी ओसरल्यावर पट्ट्या काढून मागचा गाळ धुता येतो आणि भिंत वाळू देता येते. काढताना प्रत्येकीच्या पाठीवर डावी, उजवी, वरची असं लिहा. सावलीत, वजन ठेवून वाळवा. गिलावा पुरता कोरडा झाल्याशिवाय परत लावू नका, आणि लावताना आकडे पुन्हा घ्या, कारण भिजून वाळलेला गिलावा जागा बदलतो.

तोरणासाठी हूक कुठं येणार हे पट्टी पक्की करतानाच ठरवा. कोपऱ्याच्या सांध्यात खिळा मारला की सांधा हमखास फुटतो. दोन्ही बाजूंना सांध्यापासून निदान चार इंच आत भोक पाडा, आणि पट्टीतून चौकटीपर्यंत जाणारा पितळी आकडा फिरवून बसवा.